क्रमांकित चित्रतबकड्यांचा छंद

संग्रह करण्याची हौस मराठी घरांस नवी नाहीं. लाल फडक्यांत बांधलेल्या पोथ्या, वर्षावर्षानें बांधून घेतलेले मासिकांचे अंक, डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाचे ओळीनें लावलेले खंड, आजोबांच्या वेळच्या ग्रामोफोनच्या तबकड्या, पोस्टाच्या तिकिटांच्या वह्या, यांतलें एकहि जेथें नाहीं असें सुशिक्षितांचें घर विरळा. या परंपरेंत अलीकडे एका नव्या छंदाची भर पडली आहे. चित्रपटाची तबकडी, म्हणजे डीव्हीडी किंवा ब्लू-रे, विकत घ्यावयाची. परंतु साधी नव्हे, तर ठराविक संख्येनेंच काढलेली आणि 'इतक्या प्रतींपैकीं अमुक क्रमांकाची प्रत' असा जिच्या वेष्टनावर आंकडा छापलेला आहे अशी. हा नाद लागलेलीं तरुण माणसें आपल्याकडेहि दिसूं लागलीं आहेत, आणि त्यांच्या घरांतील वडील मंडळी 'एका सिनेमाला एवढे पैसे!' म्हणून कपाळाला हात लावीत आहेत. दोन्ही पक्षांचें ऐकून घेऊन या छंदांत घेण्याजोगें काय आणि टाकण्याजोगें काय, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम ही वस्तु कशी असते तें सांगणें अवश्य आहे. जाड पुठ्ठ्याची पेटी, तींत एक किंवा अधिक तबकड्या, चित्रपटाविषयीं जाणकारांनीं लिहिलेल्या लेखांची पुस्तिका, क्वचित् जुन्या जाहिरातचित्राची छोटी नक्कल, आणि पेटीच्या पाठीवर किंवा वेगळ्या चिठ्ठीवर क्रमांक, असा हा सरंजाम असतो. अमेरिकेंत 'ट्वायलाइट टाइम' नांवाची एक लहान प्रकाशनसंस्था २०११ सालीं निघाली. मोठ्या चित्रकंपन्यांच्या भांडारांत पडून राहिलेले जुने चित्रपट परवानगीनें घ्यावयाचे, त्यांच्या बहुधा ३००० प्रती काढावयाच्या आणि त्या संपल्या कीं थांबावयाचें, असा तिचा रिवाज होता. २०२० सालीं ती बंद झाली. लंडनची 'इंडिकेटर' ही मालिका २०१६ सालीं सुरू झाली. तिच्या मर्यादित पेट्यांपैकीं पुष्कळांवर प्रत्येक प्रतीचा स्वतंत्र क्रमांक आढळतो. वॉल्ट डिस्ने कंपनीनें २००१ पासून आपले जुने व्यंगचित्रपट पत्र्याच्या डब्यांत घालून क्रमांकासह विकले. त्यांतील कांहींच्या प्रती लाखाहूनहि अधिक होत्या. 'मर्यादित' हा शब्द किती ताणतां येतो हें यावरून वाचकांच्या ध्यानीं येईल.

प्रकाशक प्रती मोजून कां काढतात? यास तीन कारणें आहेत. पहिलें कराराचें. चित्रपटाचा मूळ मालक लहान प्रकाशकास सरसकट हक्क देत नाहीं. कांहीं वर्षांपुरते किंवा कांहीं हजार प्रतींपुरतेच देतो. दुसरें हिशेबाचें. दुर्मिळ चित्रपटाचें गिऱ्हाईक थोडें. तेव्हां जेवढ्या प्रती निश्चित खपतील तेवढ्याच काढिल्या म्हणजे माल अंगावर पडत नाहीं. आपल्याकडेहि जुन्या काळीं ग्रंथ छापण्यापूर्वी ग्राहकांचीं नांवें गोळा करीत आणि ग्रंथाच्या शेवटीं त्या आश्रयदात्यांची यादी छापीत, त्यांतला विचार हाच होता. तिसरें कारण मनुष्यस्वभावाचें. जें सर्वांस मिळतें तें मनास लागत नाहीं, आणि जें थोड्यांस मिळतें त्यासाठीं जीव तळमळतो. पहिलीं दोन कारणें प्रामाणिक गरजेचीं आहेत. तिसऱ्याचा फायदा मात्र व्यापारी उठवितात, आणि तेथेंच गृहस्थानें सावध राहावयास हवें.

क्रमांकाविषयीं एक समज दूर करणें जरूर आहे. चित्रकार धातूच्या पत्र्यावर चित्र कोरून त्याचे छाप काढतात, तेव्हां पत्रा झिजत जातो. म्हणून पहिल्या छापांची रेघ शेवटच्यांपेक्षां ठसठशीत येते. अशा छापांत आरंभींच्या प्रतीस अधिक मान मिळाला तर त्यास आधार आहे. तबकडीची गोष्ट निराळी. ती सांच्यांतून दाबून निघते, आणि तिच्यांत सांठविलेलें चित्र आंकड्यांच्या रूपांत असल्यामुळें पहिली प्रत आणि तीनहजारावी प्रत यांत तिळमात्र भेद नसतो. लहान आंकड्यासाठीं जो जादा पैसे मोजतो तो चित्रपटाचे नव्हे, आंकड्याचे पैसे मोजतो. ज्यास हें ठाऊक असून आनंद मिळतो त्याला आम्ही नांवें ठेवणार नाहीं. पण प्रपंचांतले पैसे काढून त्यास 'गुंतवणूक' म्हणणें हा सट्टा होय.

मग या छंदांत घेण्याजोगें असें कांहीं आहे काय? तें कळण्यास आपल्या घरांत चित्रपट कसा आला याची थोडी आठवण केली पाहिजे. १९८२ सालीं दिल्लीस आशियाई क्रीडासामने झाले, त्याच वर्षीं दूरदर्शन रंगीत झालें, आणि त्या सुमारास व्हिडिओ कॅसेटचीं यंत्रें मध्यमवर्गीयांच्या आळीपर्यंत पोंचलीं. रात्रीपुरतें यंत्र भाड्यानें आणून सबंध वाड्यानें एका दमांत तीन चित्रपट पाहिल्याचें आमच्या पिढीस चांगलें स्मरतें. पुढें व्हीसीडी आली. एका व्हीसीडींत सुमारें ७४ मिनिटांचें चित्र मावतें. त्यामुळें मराठी चित्रपट दोन-तीन तबकड्यांत विभागून येई, आणि कीर्तनाच्या पूर्वरंग-उत्तररंगाप्रमाणें मध्यें थांबून तबकडी बदलावी लागे. नंतर डीव्हीडी, २००६ पासून ब्लू-रे, आणि आतां तर तबकडीचेंहि कारण उरलें नाहीं. तारेवाटे आणि तारेशिवाय चित्रपट थेट दिवाणखान्यांत उतरतो.

ही सोय मोठी खरी. पण तिच्यांत एक खोंच आहे. जो चित्रपट आज यादींत दिसतो तो करार संपतांच दुसऱ्या दिवशीं यादींतून नाहींसा होतो. आपण पैसे देतों ते पाहण्याचे. ठेवण्याचा हक्क आपणांस मिळत नाहीं. कपाटांतली तबकडी मात्र कोणाचा करार संपला म्हणून उठून जात नाहीं. ज्या चित्रपटावर घराचें प्रेम आहे तो आपल्यापाशीं असावा ही इच्छा म्हणून केवळ हौसेची नव्हे, शहाणपणाची आहे.

आणि आपण मराठी लोकांनीं या बाबतींत किती गमावलें आहे! दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईस लोकांपुढें आला; आज त्याचा कांहीं भागच पाहावयास मिळतो. हिंदुस्थानचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ सालचा; त्याची एकहि प्रत उरलेली नाहीं. त्या काळची नायट्रेटची फिल्म दारूसारखी पेट घेई, आणि जी पेटली नाहीं ती ओलाव्यानें व उष्णतेनें कुजे. २००३ सालच्या जानेवारींत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारांतील भांडारास आग लागून कितीएक जुन्या चित्रपटांच्या फिती भस्म झाल्या. हें आवार म्हणजेच १९२९ सालीं कोल्हापुरांत स्थापन होऊन १९३३ पासून पुण्यांत नांदलेल्या प्रभात कंपनीचा स्टुडिओ. ज्या जागीं 'संत तुकाराम' (१९३६), 'कुंकू' (१९३७), 'माणूस' (१९३९) हे चित्रपट जन्मले, त्याच जागीं ही होळी व्हावी हें मनास लागणारें आहे.

जें वांचलें तें कसें वांचलें हेंहि पाहण्यासारखें आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यास १९६४ सालीं निघालें आणि श्री. पी. के. नायर यांनीं त्यास आकार दिला. मूळचे केरळचे हे गृहस्थ ४ मार्च २०१६ रोजीं पुण्यांतच निवर्तले. फाळक्यांच्या कुटुंबाकडे उरलेले तुकडे मिळवून 'कालिया मर्दन' (१९१९) हा चित्रपट त्यांनीं पाहण्याजोगा केला. त्यांत बाळकृष्णाचें काम केलेली मंदाकिनी ही फाळक्यांचीच कन्या. एका घरानें तुकडे कां होईना जपले, आणि मागणाऱ्याच्या हातीं विश्वासानें दिले, म्हणून आज आपण ती पोर कालियाच्या फणीवर नाचतांना पाहूं शकतों. इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांवच्या वाड्यांतून दप्तरें गोळा करीत हिंडले, तेव्हां त्यांचा अनुभवहि असाच होता: ज्यांनीं कागद जपले आणि दाखविले त्यांच्यामुळें इतिहास लिहिला गेला; ज्यांनीं जपले पण दाखविले नाहींत, त्यांचे कागद वाळवीनें वाचले.

कोणी म्हणेल, विकतची तबकडी म्हणजे मूळ फिल्म नव्हे. तिच्या संग्रहानें चित्रपट कसा जगणार? आक्षेप अर्धा बरोबर आहे. मूळ निगेटिव्ह जपण्याचें काम संग्रहालयांचेंच. परंतु दुर्मिळ चित्रपट निगुतीनें दुरुस्त करण्यास पैसा लागतो, आणि तो पैसा कांहीं अंशीं अशा पेट्या घेणाऱ्यांकडून उभा राहतो. सत्यजित राय यांच्या अपूविषयक तीन चित्रपटांचीं मूळ निगेटिव्ह १९९३ सालीं लंडनच्या एका प्रयोगशाळेच्या आगींत होरपळलीं. पुढें इटलींतील बोलोन्या येथें कारागिरांनीं त्यांतला वांचलेला भाग हातांनीं सांधून घेतला, जो गेला होता तो इतर प्रतींवरून भरून काढला, आणि २०१५ सालीं ते चित्रपट पुन्हा पडद्यावर आले. नंतर निघालेल्या तबकड्यांत चित्रपट तर आहेतच, शिवाय या दुरुस्तीची हकीकतहि आहे. अशी हकीकत, जाणकारांचे लेख, नटांच्या मुलाखती हें सर्व पेटींत एकत्र मिळतें, तें थेट प्रक्षेपणांत क्वचितच मिळतें. या छंदाची खरी कमाई ती आहे. क्रमांक हें तिच्यावरचें गंध.

आतां आमच्या घरांतील एक वाद सांगतों, कारण पुष्कळ घरांत तो होत असेल. आमचें घर राळेगणसिद्धीस. पारनेर तालुक्यांतील या गांवीं परदेशची टपाली पेटी आली म्हणजे टपालवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत सर्वांस ती काय आहे हें सांगावें लागतें. आमच्या कनिष्ठ बंधूंनीं एका जपानी चित्रपटाची क्रमांकित पेटी मागविली आणि वरचें पारदर्शक वेष्टन न काढतां ती कपाटांत ठेविली. वेष्टन फोडलें कीं मोल उतरतें, असें त्यांचें म्हणणें. मातोश्रींनीं त्यांस एवढेंच विचारलें, "पाहावयाचा नव्हता, तर आणलास कशाला?" बंधूंनीं पुष्कळ समजावून सांगितलें, पण ज्यांनीं लहानपणीं जत्रेंतल्या तंबूंत बैलगाडीनें जाऊन 'संत तुकाराम' पाहिला, त्यांस न पाहावयाचा चित्रपट ही वस्तूच समजेना. चार दिवसांनीं वेष्टन निघालें. आंत एक तबकडी खुंटीवरून निसटून घरंगळत होती आणि तिच्यावर ओरखडे उमटले होते. मुदतींत कळविल्यामुळें ती बदलून मिळाली. न उघडतां दहा वर्षें ठेविली असती, तर दहा वर्षें आम्ही एका बिघडलेल्या वस्तूचें मोल वाढलें असें समजत राहिलों असतों.

आमच्या गांवास लोक दुरून येतात ते तबकड्या पाहावयास नव्हे, पाणी पाहावयास. बेताच्या पावसाच्या या गांवीं श्री. अण्णा हजारे यांच्या पुढाकारानें १९७५ नंतर नालाबांध, पाझर तलाव, समतल चर अशीं कामें झालीं, आणि जेथें प्यावयास पाणी नव्हतें तेथें विहिरींस पाणी आलें. या कामांतली एक खुबी आम्हांस या छंदाविषयीं फार शिकवून गेली. पाझर तलाव पाणी अडवितो, पण कोंडून ठेवीत नाहीं. त्याच्या तळांतून पाणी मुरतें आणि खालच्या अंगाच्या विहिरींत प्रकट होतें. तलाव उन्हाळ्यांत कोरडा दिसला तरी तो वायां गेला असें कोणी म्हणत नाहीं. खालच्या विहिरी काय सांगतात तें पाहतात. गांवच्या धान्य बँकेचेंहि तत्त्व तेंच: अडीनडीच्या वेळीं गरजूनें धान्य न्यावें आणि नवें पीक आलें कीं थोडें अधिक घालून परत करावें. कणगीला कुलूप लावून दाणे मोजीत बसणें आणि ही बँक, दोहोंतहि धान्य सांठतेंच. पण एकांत त्याला टोके पडतात, दुसऱ्यांत त्याचें पुन्हा पीक होतें.

चित्रपटाच्या जगांतहि या वृत्तीचें एक थोर उदाहरण आहे. श्री. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' (१९७६) हा चित्रपट गुजराथेंतील ५ लाख दूध उत्पादकांनीं प्रत्येकीं २ रुपये देऊन उभा केला. पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि प्रमुख स्त्रीभूमिका स्मिता पाटील यांची. म्हणजे मराठी हात त्यांत होतेच. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननें तो दुरुस्त केला आणि २०२४ सालीं फ्रान्समधील कान येथें तो पुन्हा दाखविला गेला. एकीकडे ३००० जणांपैकीं आपण एक म्हणून मिरविणारा ग्राहक, आणि दुसरीकडे ५ लाखांपैकीं आपण एक म्हणून अभिमान बाळगणारा शेतकरी! क्रमांक दोघांसहि देतां येईल; पण पहिल्याचा अभिमान इतरांस मिळालें नाहीं याचा आहे, दुसऱ्याचा सर्वांनीं मिळून केलें याचा. संग्राहकानें आपला अभिमान कोणत्या जातीचा आहे हें एकदां स्वतःस विचारावें.

ज्यांस हा छंद करावयाचा आहे त्यांच्यासाठीं कांहीं व्यवहाराच्या सूचना देतों. परदेशची तबकडी घेण्यापूर्वी तिचा प्रदेश पाहावा. डीव्हीडीच्या वांटणींत हिंदुस्थान ५ व्या प्रदेशांत, अमेरिका १ ल्या आणि इंग्लंड २ ऱ्या प्रदेशांत येतो; ब्लू-रेच्या वांटणींत अमेरिका 'ए', इंग्लंड 'बी' आणि आपण 'सी' मध्यें येतों. घरचें यंत्र त्या प्रदेशाची तबकडी घेत नसेल तर पेटी शोभेलाच राहील. तबकडी कडेनें आणि मधल्या भोंकानें धरावी; पुसणें झाल्यास मऊ सुती कापडानें मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नव्हे. व्हीसीडीची चित्र धरणारी झिलई नांवाच्या बाजूस अगदीं वरच्या थराखालीं असते. त्या बाजूवर बॉलपेननें नांव घालणें म्हणजे चित्रावरच ओरखडा काढणें होय. तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्या. आमच्याकडे शत्रु धूळ आणि वैशाखांतलें ऊन. कोंकणांत शत्रु दमट हवा, आणि जुन्या कॅसेटवर तिच्यामुळें बुरशी धरते. घरीं स्वतः नक्कल केलेली तबकडी रंगद्रव्यावर लिहिलेली असते, ती दाबून काढलेल्या तबकडीइतकी टिकत नाहीं. लग्न-मुंजीचीं चित्रणें अशा तबकड्यांत असतील तर तीं वेळींच दुसरीकडे उतरवून घ्यावीं.

संग्रहाची एक वही असावी. तींत चित्रपटाचें नांव, साल, प्रकाशक, घेतल्याची तारीख, किंमत आणि क्रमांक लिहावा, आणि त्यापुढें एक कोरा रकाना ठेवावा: कोणीं पाहिली. वर्षअखेर ज्या ओळीपुढें हा रकाना कोराच राहिला असेल ती पेटी आपण कां घेतली याचा विचार करावा. महिन्यांतून एक संध्याकाळ सर्वांनीं एकत्र बसून एक चित्रपट पाहावा, आणि नंतर पुस्तिकेंतला एखादा उतारा मुलांकडून मोठ्यानें वाचवून घ्यावा. आप्तेष्टांस उसनी द्यावी. वहींत सही घेतली म्हणजे संकोच राहत नाहीं. मात्र तिकीट लावून किंवा सार्वजनिक जागीं दाखविणें हें हक्कदाराच्या परवानगीवांचून करूं नये. आपल्या कायद्याप्रमाणें चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षें चालतो. 'अयोध्येचा राजा' (१९३२) यासारख्या चित्रपटांची मुदत केव्हांच संपली असली, तरी नव्या चित्रपटांची संपलेली नाहीं.

शेवटचा प्रश्न वांटणीचा, आणि एकत्र कुटुंबांत तोच सर्वांत नाजूक. आमच्या परिचयाच्या एका घरीं ज्ञानकोशाचे खंड तीन भावांत समसमान वांटले गेले. हिशेब चोख झाला. पण एक शब्द पाहावयाचा तर तीन गांवीं पत्रें टाकावीं लागत. पुढच्या पिढींत दोघांचे खंड रद्दींत गेले. क्रमांकित पेट्यांचेंहि असेंच होण्याचा संभव आहे, कारण त्यांस बाजारांत मोल आहे असें सर्वांस कळलेलें असतें. तेव्हां संग्राहकानें हयातींतच लिहून ठेवावें: संग्रह फुटूं नये, ज्यास पाहण्याची व दाखविण्याची आवड आहे त्याच्याकडे तो राहावा, मग तो मुलगा असो, सून असो किंवा भाची असो, आणि घरांत तसें कोणी नसेल तर शाळेच्या, महाविद्यालयाच्या किंवा गांवच्या ग्रंथालयास तो वहीसकट द्यावा. इतरांस त्या मोलाचें दुसरें कांहीं द्यावें. वस्तु वांटल्या जातात. संग्रह वांटला कीं तो संग्रह राहत नाहीं.

वडील मंडळींस आमची विनंति कीं, या छंदास सरसकट उधळपट्टी म्हणूं नये. ज्या भाषेंत पहिल्या चित्रपटाचे तुकडे घरोघर शोधावे लागले, त्या भाषेच्या घरांत चित्रपट जपणारें कोणी निपजत असेल तर त्यास एक कपाट मोकळें करून द्यावें. तरुणांस विनंति कीं, पेटी घेतांना क्रमांकाकडे एकदां आणि चित्रपटाकडे दहादां पाहावें, आणि घरीं आणल्यावर वेष्टन काढावें. पाठीवरचा आंकडा किती प्रती निघाल्या एवढेंच सांगतो. त्या प्रतीचा उपयोग किती झाला हें वहींतल्या शेवटच्या रकान्यावरून कळेल, आणि तो रकाना भरणें प्रकाशकाच्या नव्हे, आपल्या हातीं आहे.